फिकट अक्षरं

माझा धंदा फोनसाठी अ‍ॅप करून देण्याचा. राजारामपुरीत एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. साखर कारखाना, दूध संस्था, पतसंस्था, मंगल कार्यालय अशी आमची गिऱ्हाइकं. हल्ली कोड मशीनच लिहितं. पण पहिल्या बैठकीतला एक प्रश्न अजून माणसालाच सोडवावा लागतो. नेटिव्ह करायचं का वेब?

गिऱ्हाइकाला मी सांगतो, नेटिव्ह अ‍ॅप फोनच्या आत राहतं. फोनच्या चिपशी, माइकशी, सेन्सरशी त्याचं थेट बोलणं. नेट नसलं तरी चालतं. पण त्याची अक्कल त्या फोनपुरती. वेब अ‍ॅप फोनमध्ये नसतंच. फोन ही नुसती खिडकी, काम लांब कुठल्यातरी सर्व्हरवर चालतं. फोन कुठलाही असो, दुरुस्ती एका जागी केली की सगळीकडे झाली. लाखो लोकांच्या वापरातून आलेलं शहाणपण त्याच्याकडे असतं. मात्र नेट गेलं की खिडकी बंद.

गगनबावड्याकडच्या एका दूध संस्थेचे चेअरमन मला म्हणाले होते, "ते सगळं ऱ्हाऊ दे. चांगलं कुठलं ते सांगा." मी विचारलं, "रेंज गेल्यावर फॅटचा आकडा अंदाजानं लावलेला चालंल, का आकडाच न आलेला चालंल?" चेअरमन म्हणाले, "अंदाजानं लावला तर गवळी मला डेअरीत कोंडतील." त्यांना मी नेटिव्ह दिलं.

हाच प्रश्न एक दिवस मला माझ्या बायकोच्या गळ्याबद्दल विचारला गेला.

वृषाली के.एम.टी.च्या सिटी बसवर कंडक्टर होती. बसमध्ये तिकिटाची मशीनं आली तेव्हा तिला डेपोच्या ऑफिसात बसवलं, पण आवाज बसवरचाच राहिला. आमच्या गल्लीत तिनं "पुढं सरका" म्हटलं की रिक्षासुद्धा पुढं सरकायची. त्या आवाजाचे शब्द एका हिवाळ्यात जड व्हायला लागले. आधी आम्हाला वाटलं दातांचं काहीतरी असेल. तपासण्या झाल्या. स्नायूंना मेंदूचा हुकूम पोचवणाऱ्या नसा मरत चालल्या होत्या. औषधानं वेग कमी झाला, पण आजार थांबला नाही.

वाचा-उपचार करणाऱ्या नदाफ मॅडमनी आम्हाला कंठी दाखवली. तिचं कंपनीचं नाव मोठं आहे, पण सगळे कंठीच म्हणतात. गळ्याभोवती बसणारी पातळ, मऊ पट्टी. माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा मेंदू जिभेला, जबड्याला, गळ्याला हुकूम धाडतो. स्नायू हलला नाही तरी हुकूम पोचल्याची बारीक वीज कातडीवर उमटते. कंठी ती वीज वाचते, अ‍ॅप तिचे शब्द करतं, आणि फोन माणसाच्या स्वतःच्या आवाजात बोलतो. आवाज असतो तोवर रेकॉर्ड करून ठेवायचा, एवढंच.

"आता सांगा साहेब," नदाफ मॅडम म्हणाल्या, "नेटिव्ह लावू का वेब?"

मला हसू आलं. वृषालीनं जड जिभेनं विचारलं, "काय झालं हसायला?"

"काही नाही. हे वाक्य माझं आहे."

मॅडम म्हणाल्या, "आज दोन्ही सारखीच वाटतील. फरक पुढं पडेल. वीज कमी होत जाईल तशी नेटिव्हची खात्री कमी होईल. खात्री नसली की ते गप्प बसतं. वेब गप्प बसत नाही. ते अंदाज करतं."

"कुणाचा अंदाज?" वृषालीनं विचारलं.

"तुमचाच, ताई. तुमच्या जुन्या बोलण्यावरून, आणि कंठी वापरणाऱ्या बाकीच्या लोकांच्या बोलण्यावरून."

"म्हणजे दुसऱ्या बाईचं बोलणं माझ्या तोंडात." ती माझ्याकडं वळली. "नको. घरातलं लावा."

घरातलं म्हणजे नेटिव्ह. आम्ही ते लावलं.

अ‍ॅपला तिचं बोलणं शिकवायला काही वाक्यं वाचायची होती. पहिलंच वाक्य आलं, "कृपया मला थोडे पाणी द्याल का?" तिनं फोन माझ्या हातात दिला. "असं आपल्यात कोण बोलतं वं?" मग तिनं स्वतःची वाक्यं घातली. "पाणी आणा की. का हीर खणताय?" "भाजीत मीठ आहे का समुद्र?" "इशे, फोन ठेव आणि जेव." इशू म्हणजे ईश्वरी, आमची मुलगी. ती बंगळूरला बॅटरीच्या कारखान्यात इंजिनियर आहे. तिला तो आवाज पहिल्यांदा फोनवर ऐकवला तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, आईला बरं वाटायला लागलं का?" इतकं ते हुबेहूब होतं.

बरेच महिने छान गेले. वृषालीची जीभ पूर्ण थांबली, तरी घरात तिचा आवाज होता. कंठी लावून ती भाजीवाल्याशी घासाघीस करायची. तो म्हणायचा, "काकी, मशीन लावूनपण पाच रुपये सोडंनासा की."

मग शब्द गळायला लागले. आधी वाक्याचं शेपूट जायचं. नंतर मधले शब्द. "आज... कोण... भात." नेटिव्ह जेवढं पोचलं तेवढंच बोलायचं आणि थांबायचं. मला त्याची सवय झाली. तिच्या डोळ्यांकडं बघून बाकीचं कळायचं. वर बघितलं की हो, मिटले की नाही, अशी आमची खूण होती. पण फोनवर डोळे नीट दिसत नाहीत. इशू रोज बोलायची आणि पलीकडून काहीच यायचं नाही. मध्येच एखादा शब्द. ती परत विचारायची, "आई, ऐकतीयस ना?" आणि एक दिवस ती फोनवरच रडायला लागली.

त्या आठवड्यात ती घरी आली. आल्या आल्या म्हणाली, "पप्पा, वेब लावा."

"आईनंच नको म्हटलंय."

"तेव्हा म्हटलं. तेव्हा तिला बोलता येत होतं. तुम्हाला चालतंय ती गप्प बसलेली. मला नाही चालत."

"अगं, ते अंदाज करतं."

"तुम्ही काय करताय मग? तिचे डोळे बघून दिवसभर अंदाजच करताय की!"

मी वृषालीकडं बघितलं. ती इशूकडं बघत होती. मग तिनं डोळे वर केले. हो.

आम्ही वेब लावलं. तिच्या फोनमधलं सगळं शिकलेलं सर्व्हरवर गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वृषाली पूर्ण वाक्यात बोलली. "इशू, रात्री नीट झोप लागली का गं? चेहरा किती उतरलाय तुझा." इशू तिच्या पलंगावर चढून बसली, लहानपणी बसायची तशी. दोघी दुपारपर्यंत बोलत होत्या. कधी नेट अडखळायचं आणि आधीच्या प्रश्नाचं उत्तर नंतरच्या प्रश्नाला यायचं. त्यावर इशू हसायची. घरात कितीतरी दिवसांनी कोणीतरी हसत होतं. मला वाटलं, माझंच चुकत होतं.

इशू परत गेली. पुढच्या रविवारी माझ्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे आमच्या अक्का, डबा घेऊन आल्या. वृषालीला नळीतून देता येईल म्हणून त्यांनी पांढरा रस्सा अगदी पातळ करून आणला होता. फोन म्हणाला, "अक्का, तुमच्या हातच्या रश्श्याची सर कुणालाच येणार नाही. माझ्यासाठी तुम्ही किती करता. मी तुमची खूप आभारी आहे."

अक्कांचे डोळे भरले. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बोललीस गं माझी बाई," असं म्हणत त्यांनी तिच्या कपाळावर हात फिरवला.

अक्कांच्या रश्श्याला वृषाली लग्न झाल्यापासून चुन्याची निवळी म्हणत आली होती. आभारी आहे, हे शब्द तिनं आयुष्यात कुणाला म्हटलेले मी ऐकले नव्हते.

अक्का गेल्यावर मी तिच्यासमोर बसलो. "हे तू बोललीस?"

तिनं डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत.

असल्या अ‍ॅपमध्ये डॉक्टरांसाठी एक आतलं पान असतं, हे धंद्यामुळं मला माहीत होतं. ते मी उघडलं. बोललेलं प्रत्येक वाक्य तिथं लिहून येतं. गळ्यातून खरोखर आलेले शब्द काळे आणि मशीननं भरलेले फिकट. त्या दिवशीच्या वाक्यात "अक्का" एवढंच काळं होतं. बाकी सगळं पांढऱ्यावर जेमतेम दिसेल असं राखाडी.

मी मागं मागं गेलो. पलंगावर बसून इशूशी केलेल्या त्या गप्पा बघितल्या. काळे शब्द इतके थोडे होते की दुधात पडलेल्या मुंग्यांसारखे वाटले.

मी नेटिव्ह परत चालू केलं. "आता हेच ठेवू. चालंल?"

डोळे वर. मग बराच वेळ प्रयत्न करून तिनं शब्द दिले. "इशू... राहू दे."

"इशूला फोन करताना वेब राहू दे?"

वर.

"तिला सांगू नको, बोलणं तुझं नाही म्हणून?"

वर. माझ्याकडं तिनं असं बघितलं की पुढं विचारायचं धाडस झालं नाही. मुलगी रडू नये म्हणून माझ्या बायकोनं स्वतःच्या तोंडात दुसऱ्या बायका बसवून घेतल्या होत्या.

तेव्हापासून घरात दोन अ‍ॅप राहिली. दिवसभर नेटिव्ह. इशूचा फोन आला की वेब. दिवसा तिला सांभाळायला शेवंता मावशी यायच्या, त्यांनाही मी बटण दाखवून ठेवलं. त्या म्हणायच्या, "लेकीचा फोन आला की ताई अगदी मास्तरणीवानी बोलत्यात." इशूचा फोन चालू असला की मी बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहायचो. मला ते ऐकवत नव्हतं.

माझ्या वाट्याला नेटिव्ह होतं. "पंखा." "उशी." एकदा मी औषधाची बाटली सांडली तेव्हा स्पष्ट "येडा" आलं. ते मी दोनदा ऐकलं. पुढं दिवसाला एक शब्द यायचा, मग तोही कधी यायचा, कधी नाही. शब्द नसला की मी तिच्याजवळ बसून ऑफिसचं सांगायचो. कुठल्या गिऱ्हाइकानं काय मागितलं, कुणाचं बिल अडलं. ती ऐकायची. ती ऐकते आहे हे मला कळायचं. इशूच्या भाषेत सांगायचं तर, असा माझा अंदाज होता.

गुरुवारी सकाळपासून तिला धाप लागत होती. डॉक्टर येऊन गेले. श्वासाचं मशीन लावलं होतं. दुपारी मावशी जेवायला गेल्या, मी एकटाच तिच्याजवळ होतो. नेटिव्ह चालू होतं. तिनं डोळे उघडले, पण माझ्याकडं बघितलं नाही. दाराकडं बघितलं. फोन म्हणाला, "ये."

मी खुर्ची पुढं ओढली. "आलो की. इथंच आहे."

त्यानंतर फोन काही बोलला नाही. मी हात धरून बसलो होतो. मावशी जेवून आल्या आणि दारातूनच त्यांना कळलं. मला नंतर कळलं.

इशू मध्यरात्री पोचली. पुढच्या दिवसांचं मला फार आठवत नाही. लोक येत होते, जात होते. अक्का प्रत्येकाला रश्श्याची गोष्ट सांगत होत्या. दहाव्याला पंचगंगेवर कावळा पिंडाला शिवेना. माझा भाऊ, भावजी सगळे काय काय बोलले. इशू पुढं झाली आणि म्हणाली, "आई, मी येत जाईन गं पप्पांकडं." तरी शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करत होतो. इशू स्वयंपाकघरात आली. तिच्या हातात वृषालीचा फोन होता.

"पप्पा, आईचा शेवटचा शब्द बघितलात?"

"मी होतो तिथं."

"ये." तिनं तो शब्द अगदी हळू उच्चारला. "मला बोलवत होती ती."

मी गॅस बारीक केला.

"आदल्या दिवशी मी तिला विचारलं होतं," ती म्हणाली. "तिचा श्वास मला बरा वाटत नव्हता. मी म्हटलं, आई, रजा टाकून आत्ता निघू का? गाडी बुक करायला घेतली होती मी. ती म्हणाली, घाई करू नकोस बाळा, तुझं काम महत्त्वाचं आहे, ते आटप आणि शनिवारी सावकाश ये. मी गाडी रद्द केली." तिनं फोनवर बोट ठेवलं. "बुधवारी सावकाश ये म्हणाली, आणि गुरुवारी नुसतं ये. एका दिवसात असं काय झालं तिला?"

बाळा. वृषालीनं तिला इशे म्हटलं, कार्टे म्हटलं, भवाने म्हटलं. बाळा कधी म्हटलं नाही.

"दे इकडं, चार्जिंग संपत आलंय," असं म्हणून मी फोन घेतला आणि बाहेरच्या खोलीत गेलो. आतलं पान उघडलं. बुधवारचं वाक्य काढलं.

घाई करू नकोस, फिकट. बाळा, फिकट. काम, महत्त्वाचं, आटप, शनिवारी, सावकाश, सगळं फिकट. शेवटचा एक शब्द काळा होता. ये.

वृषालीनं बुधवारी लेकीला एकच शब्द सांगितला होता. मशीनला तो अपुरा वाटला. लाखो समंजस आया परगावच्या मुलांशी जसं बोलतात, तसं वाक्य त्यानं त्या शब्दाभोवती बांधलं आणि फोनवर वाचून दाखवलं. गुरुवारी तिनं परत तोच शब्द म्हटला. या वेळी नेटिव्ह होतं. त्यानं काही जोडलं नाही. पण ऐकायला मी होतो, इशू नव्हती.

इशू मागून आली. मी ते पान बंद केलं.

"पप्पा, कंपनीचा मेसेज आलाय. खातं बंद करायच्या आधी अपुरं राहिलेलं बोलणं वेबवर पाठवता येतं. ते पूर्ण करून देतात. पाठवू? तिला नक्की काय म्हणायचं होतं ते तरी कळेल."

"नको."

"का नको? एक शब्द हातात घेऊन मी काय करू?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी तिच्याकडं बघितलं. ती दहा दिवस नीट जेवली नव्हती. खरं सांगितलं असतं तर ती त्या काळ्या शब्दापाशी जन्मभर उभी राहिली असती, रद्द केलेल्या गाडीसकट. आणि मागचे कितीतरी महिने ती कुणाशी बोलत होती, हा प्रश्न त्यामागून आलाच असता.

"पाठवायची गरज नाही," मी म्हटलं. "शब्द अपुरा आलाय खरा. पण मला कळला तो. येते म्हणाली ती."

इशूनं माझ्या हातातल्या फोनकडं बोट केलं. "फोनमध्ये ये एवढंच आहे."

"पुढची वीज पोचली नाही. तूच विचार कर. खोलीत मी एकटा होतो. मला ती उभ्या जन्मात कधी ये म्हणाली का? मला या म्हणायची. अहो, इकडं या. मग मला ये कशी म्हणेल?"

मी पुढं बोलत गेलो. माझं मलाच नवल वाटत होतं, किती सरळ जुळत होतं सगळं.

"ड्युटीवर जाताना दारातून काय म्हणायची? येते. जाते कधी म्हणाली का? माझ्याकडं बघून म्हणाली. मला सांगून गेली."

"तुमच्याकडं बघून?"

"हो."

"म्हणजे मला नव्हती बोलवत?"

"नाही गं. तुला तर सांगितलंच होतं ना तिनं, सावकाश ये म्हणून."

हे शेवटचं मी का बोललो माहीत नाही. पण त्यानंच तिचं समाधान झालं. ती खाली बसली आणि रडली, पण ते रडणं आधीच्यासारखं नव्हतं. थोड्या वेळानं उठली, चहा गाळला, आणि दोन पोळ्या खाल्ल्या.

तिच्यादेखत मी दोन्ही खाती बंद केली. नेटिव्हनं विचारलं, या फोनमधलं सगळं कायमचं पुसायचं का? वेबनं विचारलं नाही. त्यानं लिहिलं, आपल्या आप्तांचं बोलणं इतरांना बोलायला मदत करत राहील. म्हणजे वृषालीचं जे काही तिथं गेलं होतं ते तिथंच राहणार. कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी बाईच्या गप्प पडलेल्या गळ्यात त्यातलं चिमूटभर मिसळणार. पुसायचं बटण फक्त घरातल्याला होतं. ते मी दाबलं.

इशू बंगळूरला गेली. मी ऑफिसला जातो. गिऱ्हाइकं प्रश्न विचारतात, मी उत्तरं देतो. रात्रीचं जेवण अक्कांकडून येतं.

इशूनं ती गोष्ट अक्कांना सांगितली, अक्कांनी सगळ्या गल्लीला. आई शेवटच्या क्षणी पप्पांना येते म्हणाली, असं. परवा वृषालीच्या डेपोतल्या दोघीजणी घरी आल्या होत्या. त्यांनीही ते ऐकलं होतं. जाताना त्यातली एक दारात थांबली आणि डोळे पुसत म्हणाली, "तुम्हाला सांगून गेली, भाऊ. असं भाग्य सगळ्यांना नसतं."

मी म्हटलं, "हो."